टॅपेट वाजत नव्हते

जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल, तर इंजिनाच्या शांतपणावर विसंबू नये. हे मला हेड उतरवल्यावर कळलं. तोवर मी नको तिथे बराच पैसा घातला होता.

गाडीचं स्लो 800 आरपीएमच्या आसपास असायचं, ते 600च्या खाली उतरू लागलं. सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरायचं, एसी लावला की इंजिन बंद पडेल असं वाटायचं. रेस दिली की सगळं सुरळीत. मी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. तिच्यात काजळी निघाली, त्यामुळे दुखणं सापडलं असंच वाटलं. मग किटचं ट्यूनिंग. ते आजही सलतं, कारण गाडी पेट्रोलवरही तितकीच थरथरत होती. दोन्ही इंधनांवर एकच त्रास असताना दोष ट्यूनिंगमध्ये कसा असेल, एवढा विचार मी केला नाही.

खरी चूक त्यानंतरची. गाडी पेट्रोलवर चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्शन काढून पाहिलं. प्रत्येक वेळी इंजिन अडखळायचं. फक्त तिसऱ्या सिलिंडरचं काढलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे तो सिलिंडर कामच करत नव्हता. अर्धं उत्तर हातात होतं! मी त्याची कॉइल बदलली, आणि तरीही फरक पडेना तेव्हा मेकॅनिकच्या मागे लागून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवायला लावला. तो नको म्हणत होता. स्लो वर आलं, थरथर दबली आणि मी तशीच गाडी घाटांतूनसुद्धा दामटली.

पुढे पिकअपही गेला. एका वयस्कर मिस्त्रींनी बॉनेट उघडून कान दिला.

"टॅपेटचा आवाजच येत नाही की हो. गॅप कधी बघितला होता?"

कधीच नाही. मी त्या शांत इंजिनाचं कौतुक करत आलो होतो.

सीएनजी कोरडा वायू आहे. त्यावर सतत चालणाऱ्या इंजिनात, व्हॉल्व्ह सीट त्यासाठी पुरेशा कडक नसतील तर, त्या हळूहळू झिजतात. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप मिटत जातो. आवाज कमी होतो, आपल्याला बरं वाटतं. गॅप पुरता संपला की व्हॉल्व्ह घट्ट बसत नाही, कंप्रेशन निसटतं. वेग जास्त असताना ते निसटायला वेळ कमी मिळतो, म्हणून रेसवर दोष लपतो. स्लोला उघडा पडतो.

मिस्त्रींनी प्लग काढून कंप्रेशन गेज लावला. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा फारच कमी होता. त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं. पिस्टन रिंग झिजल्या असत्या तर आकडा वर चढला असता. तो हलला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधूनच. कॉइल घेण्याआधी ही तपासणी केली असती, तर कदाचित गॅप सेट करून भागलं असतं. आता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळला होता. हेड उतरवून नवा व्हॉल्व्ह, कडक सीट आणि लॅपिंग करावं लागलं.

आता सर्व्हिसिंगला थंड इंजिनावर फीलर गेजने गॅप मोजून घेतो आणि आकडे वहीत लिहितो. स्टॉप स्क्रू मूळ जागी आणायला मात्र मिस्त्रींचा फार वेळ गेला; फिरवण्याआधी मी खूणसुद्धा करून ठेवायला सांगितली नव्हती.