कोल्हापूरच्या डोंगरातली भारंगी

आषाढ-श्रावणात कोल्हापूरला जायचा योग आला, तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर लगेच स्टँडकडं वळू नका. देवळाजवळच कपिलतीर्थाची मंडई आहे, तिथं एक फेरी मारा. वांगी-दोडका आपल्या गावातही मिळतो. तुम्ही शोधायच्या त्या कडेला पोतं पसरून, चार-सहा जुड्या मांडून बसणाऱ्या डोंगराकडच्या बायका. त्यांच्याजवळ कुरडू असेल, टाकळा असेल आणि नशीब असेल तर जरा भरड, करवती कडांच्या पानांची एक जुडी दिसेल. ती भारंगी.

ही भाजी शेतातली नव्हे, रानातली. कोल्हापूरहून पश्चिमेला निघालं, की हळूहळू ऊस मागं पडतो, भातखाचरं लागतात आणि पाऊस वाढत जातो. गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर हा सारा सह्याद्रीचा माथा. दाजीपूरचं जंगल म्हणजे पूर्वीचं कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात राधानगरीचं रानही आहे.

अशा रानांच्या कडेला भारंगी वाढते. साधारण माणसाच्या उंचीचं झुडूप. पहिला पाऊस पडला, की मुळातून कोवळे कोंब फुटतात. ती पानांची भाजी. पुढं शेंड्यावर फुलांचे तुरे येतात. चार पाकळ्या फिकट निळ्या आणि खालची एक गडद जांभळट, बाहेर आलेले लांब वाकडे केसर. इतकं देखणं फूल, आणि त्याचीही भाजी होते!

भारंगी कडू असते, हे आधीच सांगून ठेवते. पण कडूपणा काढायची युक्ती सोपी आहे. कोवळी पानं निवडून, जाड शिरा काढून बारीक चिरा. भरपूर पाण्यात उकळा, पाणी टाकून द्या, पानं घट्ट पिळा. कडू वाटलीच तर पुन्हा एकदा तसंच करा. अर्धी वाटी हरभरा डाळ दोन-तीन तास भिजत घाला. तेलात मोहरी, ठेचलेला आठ-दहा पाकळ्या लसूण आणि दोन कांदे परता. त्यावर डाळ घालून पाण्याचा हबका मारून वाफवा. डाळ शिजत आली, की पानं, मीठ आणि चमचाभर कांदा-लसूण चटणी घाला. शेवटी गुळाचा लहानसा खडा आणि मूठभर ओलं खोबरं. सोबत गरम ज्वारीची भाकरी हवी. फुलांची भाजीही अशीच, फक्त देठ काढून टाकायचे आणि हरभऱ्याऐवजी मूगडाळ घ्यायची. घाटाखाली कोकणात वाल घालतात. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर हिंग-जिऱ्याची फोडणी आणि हिरवी मिरची.

आता खरी सांगायची गोष्ट. भारंगीचं मूळ आयुर्वेदात खोकल्या-दम्यावरच्या औषधांत वापरतात, म्हणून मुळाला मागणी असते. पण पान खुडलं तर झुडूप पुन्हा फुटतं. मूळ खणलं, की झुडूपच गेलं. तेव्हा फिरायला गेल्यावर हौसेनं रोप उपटून आणू नका. अभयारण्यातून तर परवानगीशिवाय पानही नेता येत नाही, कायदाच आहे तसा. आणि मुळाचा काढा घरच्या घरी करून कुणाला पाजू नका. ते वैद्यांचं काम.

परसात जागा असेल तर भारंगी जरूर लावा. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत रोपाची चौकशी करा, किंवा ज्यांच्याकडं झुडूप आहे त्यांच्याकडून पावसाळ्यात फांदीचं कलम मागून घ्या. थोडी सावली, पाणी न साचणारी माती आणि शेणखत एवढ्यावर तिचं भागतं. गच्चीत लावायची तर कुंडी मोठी घ्या. पहिल्या वर्षी पानं खुडायची घाई नको. मूळ धरलं, की दरवर्षी पावसाआधी हातभर उंचीवर छाटा, म्हणजे कोवळे धुमारे भरपूर येतील. सगळेच शेंडे खुडू नका. काही तुरे फुलू द्या.

जुडी विकत घेताना भावात घासाघीस करू नका. ती बाई पावसात डोंगर चढून आलेली असते आणि कुठलं पान खायचं, कुठलं नाही, हे ज्ञान तिच्याजवळ आहे. नुसत्या वर्णनावरून रानातली पानं आपण खुडणं बरं नव्हे. तिलाच विचारा, "मावशी, ही कशी करायची?" ती जे सांगेल ते घरच्या वहीत उतरून ठेवा. लेकीसुनांना उपयोगी पडेल.