शेवटचा बाक

मी मालेगावच्या उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकले. घरात उर्दू, गल्लीत यंत्रमागांची खटखट आणि शाळेत आठवड्यातून काही तास मराठी. मराठीच्या तासाला मी नेहमी शेवटच्या बाकावर बसत असे. बोलताना चूक होईल, मुली हसतील, अशी भीती वाटे. एके दिवशी सरांनी मला पहिल्या बाकावर आणून बसवले. ते म्हणाले, "चुकलीस तरी चालेल, पण गप्प बसून कोणाला भाषा येत नाही." तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

२००५ साली आम्ही अमेरिकेत शिकागो शहरी राहायला गेलो. अब्बा तिथे डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका किराणा दुकानात काम करीत. त्या रस्त्यावर भारतीय आणि पाकिस्तानी दुकानांची रांगच आहे. शाळेची उरलेली दोन वर्षे संपवून मी शहरातल्या एका सरकारी कॉलेजात नाव घातले. अमेरिकेत दोन वर्षांची अशी कॉलेजे पुष्कळ आहेत. तिथली फी कमी असते. तिथे दोन वर्षे शिकायचे आणि पुढची दोन वर्षे दुसऱ्या कॉलेजात जाऊन पदवी घ्यायची, अशी सोय आहे.

या कॉलेजात मी पुन्हा शेवटचा बाक धरला. आता भीती इंग्रजीची होती. पेपरात मला चांगले गुण मिळत. पण दोन वर्षांत मी वर्गात दहा वाक्येही बोलले नसेन.

२००९ साली पुढचे कॉलेज निवडायची वेळ आली. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक होते मोठे, नावाजलेले विद्यापीठ. तिथे एकेका व्याख्यानाला तीनशे-चारशे विद्यार्थी बसत. दुसरे होते नॉक्स कॉलेज. गेल्सबर्ग नावाच्या लहान गावातले हे कॉलेज १८३७ साली स्थापन झाले. विद्यार्थी जेमतेम चौदाशे. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी ते सुचवले होते.

अशा कॉलेजांना अमेरिकेत 'लिबरल आर्ट्‌स' कॉलेजे म्हणतात. आपल्याकडे दहावीनंतर कला, विज्ञान, वाणिज्य अशा वाटा वेगळ्या होतात. तिथे तसे नसते. मुख्य विषय एक असतो. पण इतिहासाची विद्यार्थिनी जीवशास्त्रही शिकते आणि गणिताचा विद्यार्थी काव्यही वाचतो. ही कल्पना जुनी आहे. मध्ययुगातल्या युरोपात व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र हे सात विषय सुशिक्षित माणसाला आवश्यक मानत.

अब्बांना हे काही पटेना. ते म्हणाले, "बेटा, हे नाव मी मालेगावात कोणाला सांगू? कोणी ऐकलेले तरी आहे का?"

बाईंनी मला तीन प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगितले होते. आतापर्यंत शिकलेले किती विषय नवे कॉलेज मान्य करील? मदत वजा जाता खिशातून किती पैसे भरावे लागतील? आणि वर्गात प्रत्यक्ष कोण शिकवील? पहिला प्रश्न महत्त्वाचा, कारण विषय मान्य झाले नाहीत तर एखादे वर्ष वाया जाते. दुसराही तसाच. खासगी कॉलेजाची छापील फी पाहून छाती दडपते. पण अनेकांना शिष्यवृत्ती मिळून ती बरीच कमी होते. अब्बांनी दुकानाच्या हिशेबाच्या वहीत दोन्हीकडचे आकडे मांडले. फरक उरला, पण तो मी ग्रंथालयात काम करून भरून काढण्याजोगा होता.

"आधी पाहून येऊ," अब्बा म्हणाले. एप्रिल महिन्यात त्यांनी एका दिवसाची रजा घेतली आणि आम्ही आगगाडीने निघालो. शिकागो मागे पडले आणि दोन्ही बाजूंना सपाट शेते लागली. मका अजून पेरायचा होता. नांगरलेली काळी माती पाहून मला आपल्याकडची शेते आठवली. तीन तासांनी गेल्सबर्ग आले. तिथे अनेक लोहमार्ग एकत्र येतात. मालगाड्या पाहून अब्बा म्हणाले, "हे तर आपले मनमाड!"

कॉलेजात 'ओल्ड मेन' नावाची विटांची जुनी इमारत आहे. ७ ऑक्टोबर १८५८ रोजी याच इमारतीसमोर अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचा गुलामगिरीवर वादविवाद झाला. व्यासपीठ इमारतीला लागून बांधले होते, म्हणून वक्ते खिडकीतून बाहेर आले. लिंकनचे शाळेतले शिक्षण सारे मिळून एक वर्षही झाले नव्हते. "चला, आज मीही कॉलेजातून गेलो," अशा अर्थाचा विनोद त्याने तेव्हा केला, असे सांगतात.

एका वर्गात परीक्षा चालू होती. अब्बांनी दारातून डोकावले आणि चकित होऊन विचारले, "शिक्षक कुठे आहेत?" शिक्षक नव्हतेच. तिथे १९५१ सालापासून विद्यार्थ्यांच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवून परीक्षा घेतात. अब्बा बराच वेळ तिथेच उभे राहिले.

मला इतिहासाच्या तासाला बसायला मिळाले. एका मोठ्या टेबलाभोवती बारा मुले होती. शेवटचा बाक नव्हताच! विषय होता १८६१ ते १८६५ चे अमेरिकेतले यादवी युद्ध. प्राध्यापकांनी विचारले, "या युद्धाचा दूरच्या देशांवर काय परिणाम झाला?" कोणी बोलेना. उत्तर मला ठाऊक होते. माझे हात थंड पडले. मग मी अडखळत सांगितले, "अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला. म्हणून मुंबईच्या कापसाचे भाव भडकले. युद्ध संपताच ते कोसळले आणि पुष्कळ व्यापारी बुडाले." सगळे माझ्याकडे पाहत होते. प्राध्यापकांनी आणखी दोन प्रश्न विचारले. मी पुन्हा बोलले.

परतीच्या गाडीत अब्बा म्हणाले, "मोठ्या विद्यापीठात तू सहज पास होशील."

मी म्हणाले, "तीच तर भीती आहे, अब्बा. तिथे मला शेवटचा बाक मिळेल."

अब्बा खिडकीबाहेर पाहत राहिले. शिकागोचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाले, "त्या परीक्षेत एकही मूल इकडेतिकडे पाहत नव्हते. उद्या कागद आण, सही करतो."

सप्टेंबरात माझे वर्ग सुरू झाले. पहिल्याच तासाला मी बोलताना चुकले. समोरची मुलगी हसली. मीही हसले आणि वाक्य पूर्ण केले.

त्या रात्री मी मालेगावला सरांना मराठीत पत्र लिहिले. महिन्याभराने उत्तर आले. सोबत माझेच पत्र होते. त्यातल्या अकरा चुका सरांनी लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या. ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे.