माणसे जोडताना

माणसे जोडावीत, असे वडीलधारे सांगत आले. साखळी विक्रीचा व्यवसायही तेच सांगतो. फक्त जोडलेल्या माणसावर कमिशन देतो.

त्याचे आकर्षण खोटे नाही. दुकानाचे भाडे नाही, शिक्षणाची अट नाही. घर सांभाळून चार पैसे मिळतात, संकोची माणूसही बोलू लागतो. माल उपयोगी असेल आणि कमाई त्याच्या विक्रीवर असेल, तर हा धंदा प्रामाणिकही असू शकतो.

परंतु कमाई नवे सभासद आणण्यावर ठरू लागली, की हिशेब फसतो. प्रत्येकाने सहा जण आणले, तर बाराव्या पायरीवर २१७ कोटी माणसे लागतील. एवढी भारताची लोकसंख्याही नाही. साखळी तुटते, तेव्हा खालच्या पायरीवरच्या बहुसंख्यांच्या पदरी तोटाच पडतो. म्हणूनच पैसा फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आली आणि २०२१ च्या नियमांनी थेट विक्रीच्या नावाखाली अशी साखळी चालवण्यास मनाई केली.

मोठा तोटा मात्र वहीत मांडता येत नाही. पहिले गिऱ्हाईक बहुधा मावसबहीण किंवा शेजारी असतो. न खपलेले खोके घरात पडून राहतात आणि ओळखीची माणसे भेट टाळू लागतात. पैसा पुन्हा मिळवता येतो; गेलेला विश्वास सहजासहजी परतत नाही.