डब्यावरची नाममुद्रा

एम.ए.च्या वर्गात नामदेवांचे अभंग शिकवताना आम्ही दरवर्षी एका प्रश्नापाशी थांबतो. शेवटच्या चरणात ‘नामा’ आला, म्हणजे अभंग नामदेवांचाच, असे धरून चालता येईल काय? संत नामदेव (१२७०–१३५०) आणि सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा यांच्या रचना गाथ्यांमधून एकमेकींत मिसळल्या, हे मराठी संशोधनाने केव्हाच दाखवून दिले आहे. तेव्हा मुद्रेवर विसंबू नका, पाठ वाचा, असे आम्ही विद्यार्थ्यांना बजावत असतो. असे बजावणाऱ्या आम्हीच इंजिन ऑईल विकत घेताना नुसती मुद्रा पाहिली, त्याची ही हकिकत.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. रोजचे जाणे-येणे ७० किलोमीटरचे. म्हणून २०२१ साली भागीदारीत एक डिझेल गाडी घेतली. वॉरंटी संपल्यावर ऑईल बाहेरून बदलून घ्यायचे ठरले. दुकानदाराने चार-पाच डबे पुढे मांडले. आम्ही गाडीच्या कंपनीचे नाव असलेला डबा उचलला. ज्यांनी इंजिन घडवले त्यांनीच तेलही घडवले असणार, मग आणखी काय पाहायचे? गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मात्र डबा उलटा फिरवला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला, मागची बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाले, “सर, डबा कंपनीचाच आहे, पण तुमच्या गाडीचा नाही. गाडीचं पुस्तक वाचलं नाहीत का?”

ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर काढले. त्यात लिहिले होते: ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३. डब्यावर होते १५डब्ल्यू-४०; त्याच कंपनीच्या जुन्या डिझेल इंजिनांसाठीचे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि आमच्यासारख्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. अडकलेली काजळी तापवून जाळून टाकता येते. तेलातल्या धातुयुक्त द्रव्यांची राख मात्र जळत नाही, ती साचत जाते. म्हणून अशा इंजिनाला कमी राखेचे तेल लागते. एकदा चुकीचे तेल घातल्याने गाडी लगेच बंद पडत नाही. पण तीच चूक वर्षानुवर्षे केली, तर फिल्टर अकाली भरतो. नव्या फिल्टरची किंमत मिस्त्रींनी सांगितली, तेव्हा आम्ही एकमेकांकडे नुसते पाहिले.

पुढचे काही दिवस आमच्यातला संशोधक जागा झाला. कंपनीच्या नावाच्या या तेलाचा कर्ता कोण? गाड्या बनवणाऱ्या कंपन्या सहसा तेल स्वतः बनवत नाहीत. तेलकंपन्यांकडून आपल्या नावाने भरून घेतात. अमेरिकेत टोयोटाच्या तेलामागे एक्झॉनमोबिल, क्रायस्लर गटाच्या ‘मोपार’मागे शेल, तर होंडाच्या तेलामागे जपानची इदेमित्सू, अशी नावे वर्षानुवर्षे घेतली गेली आहेत. ही दुनिया आपल्यापासून फार दूर आहे असेही नाही. मुंबई-पुणे प्रवासात जवळून जाणाऱ्या पाताळगंगेच्या औद्योगिक परिसरात कॅस्ट्रॉलचा कारखाना आहे आणि इदेमित्सूचाही. पण कर्ता तिथेही सापडला असे म्हणवत नाही. तेलाचा बहुतांश भाग बेस ऑईलचा. त्याला गुण देणारी रसायने बव्हंशी लुब्रिझॉल, इन्फिनियम, अॅफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट या चारच कंपन्यांची. त्यांतली इन्फिनियम तर एक्झॉनमोबिल आणि शेल या प्रतिस्पर्ध्यांचीच भागीदारी. थोडक्यात, एका डब्यात अनेक हात.

हे ऐकून स्टाफरूममधले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “म्हणजे सगळी तेलं सारखीच. स्वस्त दिसेल ते घ्या!” ही आमच्या चुकीचीच दुसरी बाजू होती. कर्ता अनेक असले म्हणून पाठ एकच ठरत नाही. एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या नुस्ख्यांची तेले बाहेर पडतात. गाडीची कंपनी तेल गाळत नसली, तरी ते कसे असावे हे ठरवते आणि आपले नाव देऊन त्याची हमी घेते. मुद्रा कर्तृत्वाची नसेल. जबाबदारीची तर असते.

मग निवड कशी करावी? आधी गाडीचे पुस्तक उघडावे. ‘५डब्ल्यू-३०’मधला डब्ल्यू हिवाळ्याचा: त्याच्या आधीचा अंक जितका लहान, तितके तेल थंडीत सहज वाहते; नंतरचा अंक तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. त्यानंतर दर्जा पाहावा. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआयची ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे असतात; २०२० मध्ये आलेले ‘एसपी’ त्यांतलेच. अनेक डिझेल गाड्यांसाठी युरोपीय एसीईएची वर्गवारी सांगितलेली असते. काही कंपन्या स्वतःच्या मान्यतेचा क्रमांकही देतात. हे सारे तंतोतंत जुळले, तर डबा गाडीच्या कंपनीचा असो वा तेलकंपनीचा, गाडीला फरक पडत नाही. जुळले नाही, तर कंपनीचे नावही उपयोगाचे नाही. बनावट मालही बाजारात असतो. म्हणून सील पाहावे, बिल घ्यावे आणि वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटीही वाचाव्यात.

दुकानदाराने डबा बदलून दिला. नवा डबा एका तेलकंपनीचा होता, त्यावर आमच्या गाडीचे नाव कुठेच नव्हते; मागे मात्र पुस्तकातली अक्षरे जशीच्या तशी होती. मिस्त्रींनी ती पुन्हा एकदा वाचली आणि मगच झाकण उघडले. पाठचिकित्सेवर आम्ही आजवर पुष्कळ व्याख्याने दिली. ती प्रत्यक्षात कशी करतात, हे त्या दिवशी गॅरेजमध्ये उभे राहून पाहिले.