पदरमोडीचा खप

तीनशे मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर. तिच्यावर दहा बाय दहा मिलिमीटरच्या सहाशेच्या आसपास चिप बसतात. ती कारखान्यातून पुरी होऊन बाहेर पडायला काही महिने लागतात आणि सगळ्या चिप चांगल्या निघाल्या काय, अर्ध्या निघाल्या काय, खर्च तेवढाच. अर्ध्या बाद झाल्या की हाती लागलेली प्रत्येक चिप दुप्पट महाग पडते.

*

वर घसारा. यंत्रं चालोत की बंद राहोत, तो लागतोच. त्यामुळे मागणी पडली की कारखानदार दर तोडतो, पण यंत्रं थांबवत नाही. एकट्याने केलं तर ते धोरणीपणाचं. सगळ्यांनी केलं की सगळेच तोट्यात. मेमरीच्या धंद्याने हे पुन्हा पुन्हा भोगलं आहे.

*

हिताचीच्या अमेरिकेतल्या शाखेचं १९८५चं एक पत्रक पुढे जपान-अमेरिका व्यापारतंट्यात गाजलं. वितरकांना सूचना अशी: ईप्रॉम या मेमरी चिपचा दर एएमडी आणि इंटेलपेक्षा १० टक्के कमी लावा, त्यांनी उतरवला तर आणखी १० टक्के उतरवा, सौदा पदरात पडेपर्यंत थांबू नका. वितरकाच्या २५ टक्के नफ्याची हमी कंपनीची.

जपानी कंपन्यांना बाजार मिळाला, यात शंका नाही. १९८५ मध्येच इंटेल डीरॅम मेमरीच्या धंद्यातून बाहेर पडली. १९८६ मध्ये तिला १७ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. पण १९९९ मध्ये हिताची आणि एनईसी यांना आपापला डीरॅमचा धंदा एकत्र करावा लागला. त्यातून उभी राहिलेली एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉनने ती घेतली.

इंटेलला मात्र ३८६ या प्रोसेसरने तारलं. आधीच्या प्रोसेसरांचे परवाने एएमडीसारख्या कंपन्यांना दिलेले होते. हा तिने त्यांना दिला नाही. मला हा निर्णय डीरॅम सोडण्याइतकाच मोठा वाटतो. त्याची चर्चा कमी होते.

*

त्याच इंटेलने तीस वर्षांनी काय केलं ते वाचून आजही वाईट वाटतं.

२०१३च्या अखेरीस कंपनीने जाहीर केलं की २०१४ मध्ये ४ कोटी टॅबलेटमध्ये आपली चिप असेल. हाताशी होती बे ट्रेल ही चिप. ती घेतली तर टॅबलेटचा बोर्ड एआरएम रचनेच्या प्रतिस्पर्धी चिपपेक्षा महाग पडायचा, कारण सोबतचे सुटे भाग जास्त लागत. हा फरक इंटेलने टॅबलेट बनवणाऱ्यांना स्वतः भरून दिला. हिशेबात ही रक्कम मिळकतीतून वजा होते. म्हणून २०१४च्या तिसऱ्या तिमाहीत मोबाइल विभागाची मिळकत उरली अवघी १० लाख डॉलर आणि तोटा १०४ कोटी डॉलर.

वर्षअखेर टॅबलेट भरले ४ कोटी ६० लाख. लक्ष्य ओलांडलं. विभागाचा वर्षाचा तोटा ४२० कोटी डॉलर. यात फोन आणि मोडेमचा खर्चही आहे, तरी भागून पाहावं: टॅबलेटमागे नव्वद डॉलर.

एप्रिल २०१६ मध्ये फोन-टॅबलेटसाठीच्या पुढच्या चिप रद्द झाल्या. ज्या इंजिनिअरांनी त्या चिपवर वर्षं घातली, त्यांच्या कामात खोट नव्हती. मुळात बे ट्रेल स्वस्त टॅबलेटसाठी घडवलेली नव्हती आणि ती कमतरता पैशाने झाकली गेली. अनुदान थांबल्यावरही गिऱ्हाईक टिकेल का, हा प्रश्न संचालकांनी पहिल्याच बैठकीत विचारायला हवा होता.

*

चिप बनवणाऱ्या ग्लोबलफाउंड्रीजने ऑगस्ट २०१८ मध्ये सात नॅनोमीटरच्या नव्या तंत्राचं काम थांबवलं. तेव्हा तिला हरलेली म्हणणारे बरेच होते. मला तो धीराचा निर्णय वाटला: जुन्या तंत्रावरच्या चिपलाही गिऱ्हाईक आहे, आणि ते पैसे मोजतं.

*

२०२४. सॅमसंगच्या सेमीकंडक्टर विभागाची उलाढाल १११ लाख कोटी वॉन, नफा १५ लाख कोटी. मेमरीतल्या तिच्या प्रतिस्पर्धी एसके हायनिक्सची उलाढाल ६६ लाख कोटी, नफा २३ लाख कोटी. सॅमसंगच्या आकड्यात फाउंड्रीचा, म्हणजे दुसऱ्यांसाठी चिप बनवण्याच्या धंद्याचा, तोटा मिसळलेला आहे, म्हणून तुलना तंतोतंत नाही. तरी साठ टक्के उलाढालीवर दीडपट नफा! त्यामागे आहे एनव्हिडियाच्या प्रोसेसरांना लागणारी, थरांवर थर रचलेली एचबीएम मेमरी. २०२४चा मे उजाडला तेव्हा हायनिक्सचा त्या वर्षाचा सगळा एचबीएम माल विकला गेला होता आणि २०२५चाही जवळजवळ संपत आला होता.