गोळ्या सात, जिभा पाच

कृष्णेचा उगम पाहायचा, ही इच्छा आमच्या अव्वांची. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे माहेर रायबाग तालुक्यात, अगदी कृष्णाकाठी. ज्या नदीवर धुणी धुतली, जिच्या पाण्यात पोहायला शिकलो, ती निघते तरी कुठून, हे एकदा डोळ्यांनी बघायचे होते त्यांना. तेव्हा २०२४ च्या जानेवारीत शनिवार-रविवारला जोडून एक रजा टाकली आणि आम्ही पाचजण बेळगावहून निघालो. मी, सौभाग्यवती, दहावीतली लेक, पाचवीतला चिरंजीव आणि पुढच्या सीटवर मानाने बसलेल्या अव्वा.

आमच्या गाडीत दोन भाषा चालतात. मुले माझ्याशी मराठीत बोलतात, आईशी आणि अज्जीशी कन्नडमध्ये, आणि भांडतात तेव्हा दोन्हींत. निपाणी गेली, कोगनोळी ओलांडली, दुकानांवरच्या पाट्यांची लिपी बदलली. गाडीतले भांडण मात्र त्याच दोन भाषांत पुढे चालू राहिले. कोल्हापूर, कराड, सातारा करीत पाचवडला महामार्ग सोडला आणि वाईला आलो. घाटावर ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले. मराठी विश्वकोशाचे एवढे मोठे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावातून चालवले, हे मी मुलांना सांगितले. त्यांनी ऐकल्यासारखे केले. अव्वांनी मात्र पायरीवर बसून पाण्यात हात घातला आणि म्हणाल्या, "इल्लि सण्णाकी अदाळ." इथे ती लहान आहे! नदीबद्दल बोलत होत्या, पण शेजारच्या नातीबद्दल बोलावे तसे.

वाईहून पसरणीचा घाट चढायचा. घाटाच्या पायथ्याचे पसरणी म्हणजे शाहीर साबळे यांचे गाव. घाट संपता संपता पाचगणी येते आणि पाचगणी आली की गोळ्यांची दुकाने येतात.

ही गोळ्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. या डोंगरावर फळांचा धंदा जुना. किशोर व्होरा यांनी १९५९ मध्ये पाचगणीला मॅप्रो सुरू केली. आज या रस्त्यावर जॅम, सरबते, क्रश आणि फळांच्या गराच्या चिवट गोळ्या विकणारी लहानमोठी कितीतरी दुकाने आहेत. दुकानात शिरले की चवीसाठी एकेक गोळी हातावर ठेवतात. आमच्या लहानपणी गोळी म्हणजे संत्र्याच्या फोडीच्या आकाराची, दाताखाली कडकन फुटणारी. आता मुलांना लागते ती चावायची गोळी. साखर आणि ग्लुकोजचा पाक आटवायचा, त्यात फळाचा गर आणि सायट्रिक आम्ल घालायचे आणि ते धरून ठेवायला पेक्टिन. पेक्टिन हे फळांच्या सालीतून, विशेषतः लिंबू-संत्र्याच्या आणि सफरचंदाच्या चोथ्यातून निघते. साखर आणि आंबटपणा दोन्ही योग्य प्रमाणात मिळाले की ते घट्ट होते. काही चिवट गोळ्यांत त्याऐवजी जिलेटिन असते आणि ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. म्हणून आमच्या घरात हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय कुठलीही गोळी पिशवीत पडत नाही. अव्वांचा चष्मा त्याच कामासाठी पर्समध्ये असतो.

नव्या-जुन्या मिळून सात चवी निवडल्या. स्ट्रॉबेरी, आंबा, कैरी, पेरू, अननस, जांभूळ आणि चिंच. प्रत्येकी पाव किलो. शिवाय महाबळेश्वरी फुटाणे. मुक्कामाला भिलार. पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून प्रसिद्ध असलेले आणि त्याआधीपासून स्ट्रॉबेरीचे. संध्याकाळी घरमालकांनी वाफ्यातली ताजी स्ट्रॉबेरी आणून दिली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हिवाळ्यात इथली माणसे तिच्याशिवाय दुसरे बोलत नाहीत. वाटीभर लाल फळांनी खोली घमघमली आणि तिथेच लेकीने जाहीर केले, "आज परीक्षा. गोळ्यांची."

वही निघाली. दहापैकी गुण. प्रत्येक गोळीनंतर चार फुटाणे आणि घोटभर पाणी, म्हणजे आधीची चव पुढच्या गोळीत मिसळणार नाही. गोळी डोळे मिटून खायची, कारण रंग बघितला की जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते.

पहिला नंबर स्ट्रॉबेरीचा, आणि ती सपशेल आपटली. खरे फळ समोर असताना गोळीची डाळ शिजायची कशी? खऱ्या स्ट्रॉबेरीच्या वासात शेकडो निरनिराळी द्रव्ये असतात. गोळीत त्यातली थोडीच उतरतात, म्हणून ती ओळखू येते पण पटत नाही. केळ्याचे उलटे आहे. आयसोअमाइल अॅसिटेट नावाचे एकच द्रव्य नाकाशी धरले तरी कोणीही "केळे" म्हणेल. आंबा गोड निघाला, पण हापूसपेक्षा आंब्याच्या बर्फीकडे झुकणारा. अननस सगळ्यांना आवडला. पेरूवर मीठ-तिखटाचा हात होता. तो खाताना शाळेच्या फाटकाबाहेरची हातगाडी आठवली. पेरूवर आमच्या घरात वादही होत नाही, कारण मराठीत पेरू आणि सौभाग्यवतीच्या कन्नडमध्ये पेरल. जांभळाने जीभ जांभळी केली, पण जांभळाचा तुरटपणा त्यात नव्हता. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, खरं जांभूळ असंच लागतं?" नाही रे बाबा. खरे जांभूळ जिभेला धरून ठेवते, तिला कोरडी करते. तुरटपणा ही खरे तर चव नव्हेच, तो स्पर्श आहे. तोच काढून टाकला की उरते ती जांभळ्या रंगाची साखर.

एवढ्यात एक गोंधळ झाला. आंब्याची गोळी अव्वांच्या दातांना चिकटली. लेक ओरडली, "आई, अज्जीची कवळी चिकटली!" अव्वांनी तोंडावर हात धरूनच विचारले, आता जानेवारीत कवळी कुठली, ती तर मे महिन्यात येते. त्यांच्या कन्नडमध्ये कवळी म्हणजे करवंद. आम्ही पोट धरून हसलो. दात सोडवून, धुऊन परत बसवेपर्यंत परीक्षा तहकूब.

पुन्हा बसलो तेव्हा मला आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग आठवला. मी मुलांना म्हणालो, "आता नाक चिमटीत घट्ट धरा आणि मग गोळी तोंडात टाका. कुठली ते सांगा." त्यांनी टाकली. चघळत राहिले. एकमेकांकडे बघत राहिले. काही केल्या सांगता येईना. गोड आहे, थोडी आंबट आहे, बस्स. "आता नाक सोडा." सोडले मात्र, आणि दोघेही एकदम ओरडले, "अननस!"

मी मास्तरकी सुरू केली. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसल-रुचकर अशी, जिला उमामी म्हणतात, एवढ्या पाचच चवी कळतात. अननस, पेरू, स्ट्रॉबेरी हे जिभेला ठाऊकच नसते. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो, त्याने फळ ओळखू येते. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा.

तेव्हा अव्वा शांतपणे म्हणाल्या, "नंग मूर वर्षदिंद हिंगऽ ऐती."

मला तीन वर्षे झाली, असेच आहे.

खोलीत कोणी बोलले नाही. २०२१ च्या मे महिन्यात अव्वांना कोरोना झाला होता. दवाखान्यात जावे लागले नाही, याचाच आम्हाला केवढा आनंद! वास गेला होता, तो येईल हळूहळू, असे सगळेच म्हणत होते. डॉक्टरांनी रोज दोन वेळा लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी असे चार वास घ्यायला सांगितले होते. काही महिने त्या डब्या उघडत होत्या, मग डब्या कपाटात गेल्या. अव्वांचे जेवण कमी झाले. मी ताटावर बसून "अव्वा, घ्या की हो, एवढी छान झालीय आमटी" असा आग्रह करायचो आणि त्या "साकु" म्हणून ताट सरकवायच्या. मला वाटायचे वय झाले, किंवा आपल्या घरची आमटी त्यांना आवडत नाही. दूध नासले की नाही, हे त्या हल्ली नातीला विचारत. आम्हाला वाटे, दृष्टी कमी झाली. गुणपत्रिकेत त्यांच्या रकान्यात लेकीने सहाही गोळ्यांपुढे पाच-पाच गुण लिहिले होते. "अज्जीला सगळंच सारखं आवडतं," अशी तिने वर नोंदही केली होती. आवडत नव्हते, सारखे लागत होते. "सिही ऐती, अष्ट." गोड आहे, एवढेच.

लेकीने पेन खाली ठेवले. परीक्षा संपल्यातच जमा होती. पण चिरंजीवांचा हिशेब साधा. सातवी गोळी राहिली होती आणि राहिली म्हणजे खायची. त्याने चिंचेची गोळी सोलून अज्जीच्या हातावर ठेवली.

अव्वांनी ती तोंडात टाकली. पहिल्यांदा डोळे बारीक झाले, मग गाल आत गेले. "अय्य! इद चिगळी ऐतल्ल!"

चिगळी आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको, तरी फक्त मराठी घरात वाढलेल्यांसाठी सांगतो. हुणशी म्हणजे चिंच. चिंच, गूळ, मीठ, जिरे आणि मिरची उखळात कुटून गोळा करायचा, काडीला लावायचा आणि दिवसभर चोखायचा. ती हुणशी चिगळी. अव्वा सांगत सुटल्या. चिंच कोणाच्या झाडाची, ती पाडायला कोण चढायचे, उखळ कोणाचे, मास्तरांनी कोणाच्या दप्तरातून चिगळी पकडली. त्या रात्री अव्वांनी चिंचेच्या चार गोळ्या खाल्ल्या. कवळी दोनदा चिकटली. गुण दहापैकी दहा.

मला नंतर उमगले की यात जादू काही नव्हती. आपल्या जुन्या लोकांनी रस सहा मानले. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. हे सहाही नाकाशिवाय कळतात. तिखट तर चवच नव्हे, ती जिभेची आग, वेगळ्याच मज्जातंतूंचे काम. चिंचेच्या गोळीत गोड, आंबट, खारट, तिखट आणि किंचित तुरट असे सहांतले पाच हजर होते. बाकीच्या गोळ्या नाकाच्या भरवशावर चालल्या होत्या. ही एकटी जिभेच्या बळावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी जुन्या महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाचही नद्यांचे पाणी एका गोमुखातून पडते. अव्वांनी ओंजळ धरली, पाणी प्यायल्या आणि खूप वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाल्या की पाण्याची चव तीच आहे. मी काही बोललो नाही. नदीची चव ओळखायला नाक लागते की नाही, मला ठाऊक नाही.

परत आल्यावर दोन गोष्टी झाल्या. वासाच्या डब्या कपाटातून बाहेर आल्या आणि त्यांची जबाबदारी चिरंजीवांनी घेतली. सकाळी शाळेला जाताना आणि रात्री झोपताना तो अज्जीपुढे एकेक डबी धरतो आणि कुठला वास ते विचारतो. बहुतेक वेळा उत्तर चुकते. आणि आमच्या घरचा स्वयंपाक बदलला. अव्वांच्या ताटात आता लिंबाची फोड, चिंचेचा कोळ, शेंगदाण्याची तिखट चटणी आणि काहीतरी कुरकुरीत असतेच. त्या पोटभर जेवू लागल्या आहेत. तुमच्या घरीही कोणी असे ताट सरकवत असेल तर आग्रह करण्याआधी एकदा विचारून पाहा की काय काय लागते आणि काय लागत नाही.

गेल्या महिन्यात चिगळी केली. चिंच, त्याच्या बरोबरीने गूळ, मीठ, भाजलेले जिरे, दोन सुक्या मिरच्या. कुटण्याचे काम माझ्याकडे, जिरे भाजण्याचे सौभाग्यवतीकडे, आणि अव्वा दिवाणखान्यात बसून हुकूम सोडत होत्या. मध्येच फोन वाजला, सौभाग्यवती बाहेर गेली. एवढ्यात आतून आवाज आला, "जिरगि हत्ताकत्तावऽ!" जिरे करपताहेत!

मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांना धूर दिसला, की वास आला, ते मी विचारले नाही. अजून विचारलेले नाही.