उतरलो त्याच घाटावर?

शहापूरला आमच्या घरी पाण्याचा विषय निघाला की आम्ही दोघेही गप्प होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातला एक मुलगा वैनगंगेत बुडाला. त्याला पोहता येत होते. पाहणारे सांगतात, ज्या घाटावरून उतरला त्याच घाटाकडे तो धारेविरुद्ध हात मारत राहिला आणि दमला.

त्यामुळे बी.एस्सी.ला असलेली थोरली लेक म्हणाली, "अम्मी, मला स्कूबा डायव्हिंग शिकायचंय," तेव्हा आमचा नकार ठरलेलाच होता. तिच्या अब्बूंनी मधला मार्ग काढला, आधी सगळे मिळून पाहून येऊ. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरहून रेल्वेने कुडाळ आणि तिथून मालवण गाठले.

मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे प्रशिक्षक पर्यटकांना हाताशी धरून उथळ पाण्यातले प्रवाळ दाखवतात. जवळच तारकर्लीला पर्यटन महामंडळाची रीतसर डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. आम्ही एका प्रशिक्षकाला मनातली भीती सांगितली, "खाली पाण्याला ओढ असली तर?"

"मॅडम, ओढीशी भांडायचंच नाही," तो म्हणाला.

मग त्याने समजावले. जोरदार प्रवाहातल्या डायव्हिंगचा एक वेगळाच प्रकार असतो, तो फक्त शिकलेल्यांसाठी. प्रवाळाच्या कडेकडेने पाण्याबरोबर वाहत जायचे. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचे नाही, श्वास रोखायचा नाही. वर येताना घाई करायची नाही, ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे. आपली जागा कळावी म्हणून दोरीला बांधलेला रंगीत फुगा वर सोडायचा. "उतरलो तिथे परत यायचंच नसतं. होडी आपल्यामागे येते."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही डोळ्यांपुढे तोच मुलगा होता.

लेक मात्र प्रवाळांबद्दल सांगत सुटली होती. प्रवाळ जागचा हलत नाही, वाहते पाणीच त्याला सूक्ष्म जीवांचा घास आणून देते. विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांचे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर, आणि त्यावर प्रवाळ. तिला एक दिवस तिथे उतरायचे आहे.

आम्ही होकार दिला. फिकीर गेली नाही, दुआ वाढल्या.

शाळा सुरू झाल्यावर वर्गात सांगितले, पोहता येत नसेल तर नदीत उतरू नका. धारेत सापडलात तर तिच्याशी झुंजू नका. पाठीवर तरंगा, पाय धारेच्या दिशेला ठेवा आणि तिरके तिरके काठाकडे सरका. खाली कुठेही काठ लागू द्या. दुसरा बुडत असेल तर उडी मारू नका, दोर किंवा रिकामा डबा फेका, मोठ्यांना हाक मारा.

मागच्या बाकावरून एकाने विचारले, "पण मॅडम, कपडे आणि चप्पल त्याच घाटावर राहतात ना? घरी मार पडेल."

सगळा वर्ग हसला. आम्हांला हसू आले नाही. पुढच्या पालकसभेत पहिली गोष्ट हीच सांगितली, मुलगा ओला, अनवाणी घरी आला तर आधी त्याला जवळ घ्या. चप्पल नवी आणता येते.